धडधड्याची जागा

३ फेब्रुवारी, सोमवार

आणला एकदाचा सबवूफर, तो खर्ज घुमवणारा स्पीकर. वहिनीने बघताक्षणी त्याचं नाव ठेवलं — धडधड्या. हसले मी. या घरात हसायला निमित्त तरी कुठे राहिलंय!

बाहेरची खोली सगळ्यांची. दादाचा टीव्ही, वहिनीचं काचेचं कपाट, माझी कॉट, खिडकीशी आईची खुर्ची आणि चादरीखाली तिचं शिलाईमशीन. तापात आईचे दोन्ही कान गेले, त्याला आज सत्तर दिवस. तेव्हापासून बोलणंही बंद. जिभेला काही झालेलं नाही, डॉक्टर म्हणाले, मनाला लावून घेतलंय. पाटीवर लिहून दाखवलं तर वाचते आणि पाटी पालथी घालते.

दुकानातला माणूस म्हणाला, "याचा आवाज कानाला नाही, हाडाला लागतो." त्या एका वाक्यावर डबडं उचलून आणलं.

४ फेब्रुवारी

टीव्हीशेजारी ठेवला. दादा खूश. आईची जुनी गाणी लावली. तिने खिडकीबाहेरून नजर काढली नाही.

५ फेब्रुवारी

कोपऱ्यात ठेवला. कपाटातले पेले थरथरले आणि वहिनीचा पारा चढला — "वन्सं, एकेक पेला निवडून आणलाय मी!" मग स्वतःच सगळे काढून कागदात गुंडाळून ठेवले. म्हणाली, लावा आता.

आई ढिम्म.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुकानातल्या त्या माणसाला फोन केला. त्याने युक्ती सांगितली. डबडं ऐकणाऱ्याच्या खुर्चीवर ठेवायचं, ते चालू करायचं आणि आपण खोलीभर रांगायचं. जिथे चांगलं घुमेल तिथे नेऊन ठेवायचं. खरंच असंच करतात म्हणे!

दादाने आईला धरून कॉटवर बसवलं. धडधड्या तिच्या खुर्चीवर. आणि मी, चव्वेचाळीस वर्षांची घोडी, हातागुडघ्यांवर. भिंतीकडेने, टीव्हीसमोरून, कपाटापर्यंत. दादाला हसू आवरेना. गुडघे सोलवटले. दाराजवळ मान वर केली तर आई माझ्याकडेच बघत होती. ओठ हलल्यासारखे वाटले.

तिने भिंतीकडे तोंड केलं.

मी तिथेच फरशीवर बसून रडले. दादाचं हसू विरलं. "पुरे आता. रविवारी परत देऊन येतो."

त्याचं तरी काय चुकलं? मीच कशाला एवढा जीव आटवतेय, कळत नाही. आई समोर बसलेली असते आणि मला तिची आठवण येते.

८ फेब्रुवारी

वहिनीने हळूच विचारलं, आईचं शिलाईमशीन देऊन टाकायचं का कुणाला? उगाच जागा अडते.

चाळीस वर्षं शर्टांच्या कॉलरी शिवल्या त्यावर. दादा आणि मी त्याच्या खडखडाटात झोपायचो. सुई बोथट झाली की माझ्या तळपायाला कळतं, असं म्हणायची. आम्हाला थापा वाटायच्या.

द्या, म्हटलं मी. माझ्यात आता काही उरलेलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

धडधड्या खोक्यात भरायचा म्हणून आईच्या खुर्चीपुढे आणून ठेवला. दादा माळ्यावर खोकं शोधत होता. शेवटचं म्हणून एक गाणं लावून दिलं आणि मी वायरी गोळा करायला लागले.

आईने चप्पल काढली. पाऊल डब्यावर ठेवलं. टाच, चवडा. टाच, चवडा.

"थांबव," ती म्हणाली. केवढ्या मोठ्याने! "टाका सुटतोय."

दादा धावत आला, डबडं उलटं केलं. खालचा एक स्क्रू ढिला होता. आठवडाभर आम्ही तिघं ऐकत होतो, एकालाही कळलं नव्हतं.

आई माझ्या गुडघ्यांकडे बघत होती.

"परवा रांगत होतीस. काय हरवलं होतं गं?"