एका प्रश्नावर गडबड

१६ जून, सोमवार

कोर्टात आबा हो म्हणाले!

न्यायाधीशबाईंनी नीट विचारलं होतं. कुणाचा दबाव आहे का, पॉलिग्राफ म्हणजे काय ते समजलंय का, नाही म्हणायचा हक्क आहे हे माहीत आहे का. आत जाण्याआधी आमच्या वकील फरजानाताईंनी आबांना बाजूला घेतलं होतं. नाही म्हणा, नकार दिला म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही, असं बजावलं होतं. आबांनी तेव्हा मानही हलवली. आणि आत जाऊन म्हणाले, "माजी काय हरकत न्हाय."

त्यांच्यानंतर त्यांचा जावई राजवर्धन, माझ्या बहिणीचा, स्वरालीचा नवरा. इंदापुरात ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान आहे त्याचं. एरवी आवाज दुकानात मावत नाही. आज वकिलाकडं बघत हळूच म्हणाला, टेस्ट द्यायची नाही.

बाहेर आल्यावर सगळ्यांना वाटलं तेच मला वाटलं. यानंच मारलंय स्वरालीला.

१८ जून

मार्चपासून स्वराली बेपत्ता आहे. इंदापूरच्या स्टँडवर कुणीतरी तिला पाहिलं, तेवढंच. शेवटचा फोन आबांना, मग फोन बंद. म्हणून पोलीस आबांच्याही मागं. आबा दरवेळी एकच सांगतात — कशी हायेस, बरी हाय, एवढंच बोलणं झालं.

मागच्या वर्षी तिचं पोटातलं बाळ गेलं. चौथा महिना होता. बाथरूममध्ये पाय घसरला म्हणाली. मी नर्स आहे — पाय घसरल्यावर दंडावर बोटं उमटत नाहीत. तिला सांगवीला घरी आणलं, तर राजवर्धन चार मोठी माणसं घेऊन आला. सगळ्यांसमोर हात जोडले. आबा उंबऱ्यात उभे होते, एक शब्द बोलले नाहीत. ती बॅग घेऊन गाडीत बसली.

३० जून

आज पुण्याला लॅबमध्ये गेलो. मला बाहेर बसवलं. परत येताना पाटसला चहा घेतला, तेव्हा आबांनी सगळं सांगितलं. छातीला, पोटाला नळ्या. दंडाला बीपीचा पट्टा. बोटांना चिमटे. प्रश्न आधीच वाचून दाखवले, मग तेच फिरवून फिरवून. तुमचं नाव दत्तोबा आहे का? सांगवीत राहता का? स्वरालीला तुम्ही काही इजा केली का? ती कुठं आहे, तुम्हाला माहीत आहे का?

भीती वाटली का, विचारलं. "भ्या कशाचं? बाई लई चांगली हुती. आदी पानी दिलं."

श्वास, नाडी, घाम, बीपी — हे तर मी वॉर्डात रोज बघते. ऑपरेशनला नेताना माणसाची नाडी धावते, म्हणून तो काही खोटं बोलत नसतो. ज्याची लेक हरवलीय त्याला तिचं नाव घेऊन विचारलं, तर आत काय काय हलेल? यंत्राला त्यातलं भय कुठलं, दुःख कुठलं, कसं कळतं? फरजानाताई म्हणतात, म्हणूनच कोर्ट नुसत्या त्यावर कुणाला दोषी धरत नाही. मग करतात कशाला? तर पुढं कुठं शोधायचं ते पोलिसांना कळतं म्हणे.

३ जुलै

राजवर्धनच्या दुकानाची काच कुणीतरी फोडली. मला बरं वाटलं.

१८ जुलै

रिपोर्ट आला. तपास करणारे पोलीस साहेब फोनवर म्हणाले, "तुमच्या वडिलांची एका प्रश्नावर गडबड आहे."

प्रश्न — ती कुठं आहे, माहीत आहे का? आबा म्हणाले, नाही. रिपोर्ट म्हणतो, हे उत्तर खरं वाटत नाही.

मी साहेबांना बीपीच्या गोळ्या सांगितल्या, वय सांगितलं. आई गेल्यापासून झोप नाही, तेही सांगितलं. अगदी वॉर्डात डॉक्टरांना सांगते तसं, शांतपणे.

२४ जुलै

सुट्टी होती म्हणून सांगवीला गेले. डेअरीवर दूध घालायला आबांऐवजी मीच गेले, तर रांगेतली माणसं कॅन उचलून बाजूला सरकली. शेजारची फुलाबाई वाटेत म्हणाली, "लोकं म्हंत्यात, लेक नांदत न्हवती म्हनून बापानंच..." पुढचं तिनं गिळलं.

महिन्याभरापूर्वी हेच लोक राजवर्धनला फाशी द्या म्हणत होते! त्यानं नाही म्हटलं, त्याच्याविरुद्ध एक कागद नाही. आबा सरळपणानं हो म्हणाले आणि अडकले. दिवसभर मनात हेच घोळवत राहिले. स्वतःलाच समजावत होते बहुतेक. कारण दुसरंही एक मनात येतंय. आबांना ती कुठं आहे हे खरंच माहीत असेल तर? तीन-चार महिने बाप गप्प बसतो, म्हणजे ती कुठं असेल?

२७ जुलै

जेवताना आबांच्या हातांकडं बघत होते. त्यांनी पाहिलं. भाकरी तशीच ठेवून उठले.

४ ऑगस्ट, सोमवार

आज पोलिसांनी आमची विहीर उपसली.

सकाळपासून दोन मोटारी लावलेल्या. अर्धं गाव बांधावर. पाणी उतरत गेलं तशी माणसं पुढं सरकत होती. मीही सरकले. आपल्या बहिणीला बघायला! गाळात दोन जण उतरले. एक घागर निघाली, फुटकी बादली निघाली, कुणाची तरी चप्पल निघाली. पुरुषाची.

आबा लिंबाखाली बसून होते. एकदाही विहिरीकडं आले नाहीत, एकदाही बघितलं नाही. तिथं काही नाही हे माहीत असलेला माणूस बसेल तसे बसले होते. की त्यांना माझंही तोंड बघवत नव्हतं?

जाताना साहेब म्हणाले, आता उसाचं रान बघावं लागेल.

७ ऑगस्ट

विचारलं. सकाळी गोठ्यात, ते धार काढत होते तेव्हा. तोंडातून भलतंच निघालं — "आबा, तुम्ही तिला मारलं का?"

त्यांचे हात थांबले. गाईच्या अंगाला कपाळ टेकून बसले. मी हे तोंडातून काढायला नको होतं, पण परत घेतलं नाही.

मग म्हणाले, "उद्या सुट्टी टाक. माज्यासंगट चल."

कुठं ते सांगितलं नाही. फरजानाताईंना कळवावं का? फोन दोनदा हातात घेतला. बाप आहे माझा. नाही केला.

८ ऑगस्ट, शुक्रवार

मिरज. आईच्या मैत्रिणीचं घर. आबांनी कडी वाजवली. दार स्वरालीनं उघडलं.

सातवा महिना आहे तिला.

आबा म्हणाले, "तुला सांगितलं असतं, तर तुज्या तोंडावर दिसलं असतं. हे लेकरू तरी वाचाय पायजे हुतं." आता ती स्वतःच फरजानाताईंबरोबर पोलिसांपुढं जाणार आहे. ताईंना मीच फोन करते, म्हटलं. रडू आवरत नव्हतं.

चहा देताना तिनं विचारलं, "आबा, माझ्यापायी तुम्हाला कुणी त्रास नाही ना दिला?"

"न्हाय गं," आबा म्हणाले. "कोन देतंय?"

आवाज जरासुद्धा हलला नाही.