लेआंद्रो माझा कोणी नाही

हवाना, १७ फेब्रुवारी १९४८

निवड झाली! अमेरिकेच्या या बेसबॉल टीममधला पहिला काळा खेळाडू — मी, मातान्सासचा एलादियो. सराव इथे, महिनाभर. पण हॉटेलात मला जागा नाही. माझ्याच देशात! बाकी सगळे समुद्रासमोर, मी बंदरामागे एका खानावळीच्या माळ्यावर. "थोडे दिवस सांभाळून घे," मॅनेजर म्हणाला.

खोली सहा पावलांची. मोजून मोजून पाय दुखले.

१९ फेब्रुवारी

लेआंद्रो समोर आलाच. एका आईची पोरं आम्ही, बाप वेगळे. त्याचा बाप स्पेनचा, म्हणून हा गोरा. सात वर्षं या टीमचा पिचर आहे, चेंडू टाकणारा. तिकडे सगळे त्याला अस्सल स्पॅनिश समजतात. आई काळी आहे हे कळतं, तर पहिल्याच वर्षी घरी पाठवला असता.

नळापाशी गाठलं मला. "इथे मला ओळख दाखवू नकोस. हात जोडतो."

"दादा, आणि आई?"

"तिकडे बायको आहे रे माझी. तिलाही माहीत नाही."

हात जोडले नव्हतेच. खिशात होते.

२४ फेब्रुवारी

मी कॅचर, आज त्याचे चेंडू पकडले. खुणा करायची गरजच पडली नाही! हात मागे नेला की मला कळतं, कुठे येणार. मॅनेजर खूश — "आधी एकत्र खेळलात का?"

"नाही साहेब." दोघं एकदम! हसू फुटता फुटता राहिलं. नंतर जेवण गेलं नाही.

२८ फेब्रुवारी

आईचा निरोप. पुढच्या रविवारी येतेय. "दोन लेक एका मैदानात! मी काय मेल्यावर बघू?"

येऊ नकोस, असं लिहायला बसलो. चार कागद फाडले. शेवटी खरं तेच लिहिलं, दादाला ओळख नकोय.

३ मार्च

उत्तर नाही.

७ मार्च, रविवार

आली! मांडीवर मक्याच्या वाफवलेल्या तामालची टोपली. आम्ही जिंकलो. माझा एक फटका थेट कुंपणापार — आई उठून ओरडली, "तो माझा! माझा एलादियो!" लेआंद्रो शेवटपर्यंत खेळला, काय खेळला! त्याच्यासाठी आई एकदाही उठली नाही.

नंतर फाटकाशी मला कवटाळून उभी होती. तेवढ्यात लेआंद्रो आला, गोऱ्या सोबत्यांबरोबर. तिच्यासमोर थबकला. मला वाटलं, संपलं!

आईच बाजूला सरली. मान लववून म्हणाली, "छान खेळलात, साहेब."

पोटच्या पोराला!

तो बसमध्ये चढला. मी दगड शोधत होतो, खरंच. आईने मनगट धरलं. "जन्म मी दिलाय. त्याच्या पोटावर पाय मीच कसा देऊ?"

स्टेशनवर सोडायलाही येऊ दिलं नाही मला.

८ मार्च

पेपरात फोटो. बस सोडून गेला असणार! स्टेशनवर पेपरवाल्यांसमोर लेआंद्रो, आईचा हात हातात. खाली त्याचेच शब्द — "ही माझी आई. एलादियो माझा धाकटा भाऊ."

दुपारी मॅनेजरने दोघांना बोलावलं. "यंदा काळा एकच घ्यायचं ठरलंय. कोण राहणार?"

लेआंद्रोने माझ्याकडे बोट दाखवलं.