वनाच्या नावाची घागर

मी, कामिनी लीलाधर पाटील, वय सदुसष्ट, अविवाहित, निवृत्त इतिहास शिक्षिका, राहणार देवपूर, धुळे, हे मृत्युपत्र आज आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, सकाळी नाश्ता करून, चष्मा लावून, माझ्याच टेबलावर लिहीत आहे. रक्तदाब सोडला तर प्रकृती ठीक आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याइतके माझ्याकडे काही नाहीही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझा देवपूरमधील फ्लॅट माझी भाची ऋतिका हिला द्यावा. ती माझ्या दिवंगत भावाची मुलगी, नाशिकला असते. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. तिचा थोरला भाऊ जितेंद्र मदतीला येतो म्हणेल. त्याला चहा द्यावा, कागद देऊ नयेत.

२. पोस्टातली सगळी ठेव, फ्रिज, गॅस आणि शिसवी पलंग लताबाईंना द्यावा. त्या माझ्याकडे स्वयंपाकाला येतात आणि आजारपणात रात्री राहतात. त्यांच्या चहात साखर जास्त असते, हे मी अनेकदा सांगून पाहिले. आता तक्रार मागे घेते.

३. इंग्रजी पुस्तके आणि भिंतीवरचा जगाचा नकाशा जळगावच्या माझ्या कॉन्व्हेंट शाळेने घ्यावा. नको असल्यास वाचणाऱ्या एखाद्या मुलीला द्यावा. वडिलांनी मला आठव्या वर्षी तिथे बोर्डिंगला ठेवले. दर रविवारी घरी पत्र लिहावे लागे, तेही इंग्रजीतून. वडिलांना इंग्रजी येत नसे. ते पत्र घेऊन दोंडाईच्याला स्टेशनमास्तरांकडे जात आणि वाचून घेत. फलाटावर उभ्या माणसांनाही माझी खुशाली कळे. सिस्टर बेनेडिक्टा इतिहास शिकवीत. त्या म्हणत, मुलींनो, ऐकलेले निराळे आणि घडलेले निराळे. मी ते खरे मानले आणि जन्मभर तेच शिकवले.

४. आजोबा हेमराज पाटील यांची फेट्यातली तसबीर जितेंद्रला द्यावी, असे लिहिणार होते. ती त्याने न विचारताच नेली आहे. तेव्हा त्याला दुसरे काही नाही.

५. गावाकडचे राहते घर भावाकडे गेले आणि मागचे खळे माझ्या नावावर राहिले. बैल बांधायची आणि धान्य मळायची ती जागा. ती मी अभिमन यास देत आहे. तो पिंपळनेरला राहतो आणि भाड्याने पिकअप चालवतो. तो आमचा नातलग नाही. म्हणून कारण लिहिणे भाग आहे.

बेचाळीस साली आमच्या गावच्या बाजारात मिरवणुकीवर गोळीबार झाला. मिरवणुकीतले चौघे गेले. पाचवा वना. तो आमचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, भिल्ल समाजाचा. तो मिरवणुकीत नव्हता. आमचा एक बैल दावे तोडून बाजाराकडे गेला होता. आजोबा गावचे पोलीस पाटील होते. बंदुका घेतलेली तुकडी बाजारात उभी आहे हे त्यांना ठाऊक होते, तरी त्यांनी वनाला बैल आणायला पाठवले आणि स्वतः धान्याच्या खोलीत जाऊन कडी लावली. माझी आई बेबाबाई तेव्हा नवी सून होती. तिने मागच्या दारातून पाहिले. बैल एकटाच चालत घरी आला.

आमच्याकडे आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. वर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, सांजोरी ठेवतात आणि नाव घेतात. दुसऱ्या घरच्या माणसाची घागर आपल्या घरात भरत नाहीत. सालदाराची तर नाहीच. आईने वनाची घागर खळ्यात भरली आणि मरेपर्यंत दर वर्षी भरली. आजोबा त्या दिवशी खळ्याकडे फिरकत नसत. मी लहानपणी तिला विचारले, हा आपला कोण? ती म्हणाली, "कोनीच नही. त्यानं साल पुरं व्हयनं नही, म्हनीसन." सालदाराचे साल आखाजीला सुरू होते आणि आखाजीला संपते. वनाचे मध्येच तुटले. तिच्यामागे ती घागर मी भरते, इथे धुळ्यात, गॅलरीत.

६. बहात्तर साली गावात हुतात्मा स्तंभ झाला. त्यावर चार नावे लागली. वनाचे नाव घालावे म्हणून आई सरपंचांकडे गेली होती. बैल आणायला गेलेला माणूस हुतात्मा कसा होईल, असे तिला विचारण्यात आले. ती परत आली.

पुढे जितेंद्र राजकारणात गेला. त्याने स्तंभावर पाचवे नाव घातले ते आजोबांचे, "भूमिगतांचे आश्रयदाते" म्हणून. मी कळवळून पत्र लिहिले. त्याने फोन केला आणि म्हणाला, "फुई, पाहिलेलं कोण उरलंय आता?" आई तेव्हा गेलेली होती.

सहा वर्षांपूर्वी आमचा जिल्हा परिषद गट आदिवासींसाठी राखीव झाला. जितेंद्रला स्वतः उभे राहता येईना, पण आपला माणूस निवडून आणायचा होता. मग तो एके दिवशी पेढे घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, तो आपला वना कोण होता, जरा नीट सांगा. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मी दुपारपर्यंत बोलत होते. बैल, कडी, घागर, सगळे सांगितले. जाताना तो माझ्या पाया पडला.

दीड महिन्याने निमंत्रणपत्रिका आली. क्रांतिवीर वना यांच्या पुतळ्याचे अनावरण. हातात धनुष्य, पायाखाली शिपायाचे शिरस्त्राण. सोबतच्या पुस्तिकेत वनाने भिल्लांची टोळी घेऊन तुकडीवर चाल केली होती आणि आजोबांनी त्याला धान्याच्या खोलीत लपवले होते. खोली तेवढी खरी. दोन खोट्या गोष्टी एकमेकींना टेकून उभ्या होत्या. एक काढली तर दुसरी पडेल. आता आखाजीला पुतळ्यापुढे पक्षाच्या रंगात रंगवलेल्या घागरी मांडतात. जितेंद्रचा उमेदवार निवडून आला. विरोधकांनीही लगेच वनाच्या नावाने चौक केला.

मागच्या वर्षी, जिथे मी इतिहास शिकवला त्याच शाळेने मला प्रश्नमंजूषेला पाहुणी म्हणून बोलावले. क्रांतिवीर वना यांनी किती शिपाई मारले, असा एक प्रश्न होता, चार पर्यायांसह. झाडून सगळ्या मुलींचे हात वर गेले. मी टाळ्या वाजवल्या. काय करणार होते?

७. त्यानंतर मी वनाच्या घरचे कोणी आहे का ते शोधले आणि अभिमन सापडला. वनाच्या भावाचा नातू. मी ठरवून गेले होते की खळे त्याला द्यायचे, खरे काय ते सांगायचे आणि माझ्यामागे घागर त्याने भरावी, अशी अट घालायची. त्याने सगळे शांतपणे ऐकले. त्याच्या फोनवर पुतळ्याचाच फोटो होता. मग म्हणाला, "बाई, तुमना वना बैल लेवाले गया नि मरी गया. त्याले कोन इचारस? पुतळाले तहसीलदार हार घालस. मना पोरगाले शाळामा पुढला बाकवर बसाडतस."

थोड्या वेळाने त्याने विचारले, हे तुम्ही आणखी कोणाला सांगितले का?

मी म्हणाले, एका जितेंद्रला, आणि तो कोणाला सांगणार नाही. तो मला गाडीपर्यंत सोडायला आला आणि गाडीचे दार त्यानेच लावून दिले.

खळ्यावर कोणतीही अट नाही. अट लिहिली होती, ती मी स्वतः खोडली आहे. आज सकाळची घागर शेवटची. ती पुढे चालवण्याची जबाबदारी मी कोणावर टाकत नाही. एवढे ओझे घेईल असा माणूस मला दिसत नाही, आणि जे घेतील त्यांचा हेतू मला माहीत आहे.

८. वकिलांनी मृत्युपत्राची नोंदणी सुचवली होती. नोंदलेला कागद पुरावा होतो, असे ते म्हणाले. म्हणूनच मी नोंदणी करत नाही. माझ्या हातचा पुरावा उद्या जितेंद्रच्या विरोधकाला सापडला, तर तो हेमराज पाटलांचे नाव पुसेल. त्याचे मला दुःख नाही. पण त्याबरोबर पुतळाही उतरेल आणि पोरगा मागच्या बाकावर जाईल. ज्या घराने वनाला बाजारात पाठवले, त्या घराने एवढे पुन्हा करू नये. तेव्हा ऋतिका, कलम पाच ते सात तू एकदा वाच. कोणाला सांगू नकोस. जितेंद्रने विचारले तर फुईने खळे म्हातारपणीच्या लहरीत देऊन टाकले असे सांग. तो विश्वास ठेवील. पुतळा आहे तसा राहू दे.

वरील मजकूर मी स्वहस्ते लिहिला असून मला मान्य आहे. साक्षीदारांनी माझी सही होताना पाहिली, मीही त्यांची पाहिली. मजकूर त्यांनी वाचलेला नाही. मी कागद हाताने झाकून धरला होता. कायद्याला सही पाहिलेली पुरते.

सही : कामिनी लीलाधर पाटील

साक्षीदार :
१. डॉ. संयम भिकमचंद ललवाणी, देवपूर, धुळे (सही)
२. श्री. कौतिक महाजन, शेजारी (सही)

ठिकाण : धुळे
दिनांक : ३० एप्रिल २०२५, आखाजी