सामान भरणाऱ्याची सही

शहादा,
रविवार, १२ जानेवारी २०२५

चि. सौ. काजल हिला आईचे अनेक आशीर्वाद. नवनीतरावांना आमचा नमस्कार सांग.

इकडे सगळे खुशाल आहेत. थंडी यंदा बरी पडली. अण्णांचा गुडघा कुरकुरतो, पण केळीच्या मळ्यात एक चक्कर मारल्याशिवाय त्यांना सकाळचा चहा गोड लागत नाही. तुझ्या दादाची, योगेंद्रची, केळी कापणीला आली आहे, त्यामुळे तो जेवायच्या वेळेपुरता घरात दिसतो. परवा संक्रांत. तिळगूळ पाठवत नाही, घाबरू नकोस. तीळ म्हणजे बी, आणि बी म्हणजे काय ते तुझ्या न्यूझीलंडवाल्यांनी मला चांगलं शिकवलं आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर आपण काय बोलतो? मी विचारते जेवलीस का, तू म्हणतेस हो. तू विचारतेस अण्णा कसे आहेत, मी म्हणते बरे आहेत. मग तू म्हणतेस, "बरं, ठेवते." दोन वर्षं झाली, हेच चाललं आहे. मी अंगणवाडीत एकतीस वर्षं रजिस्टरं लिहिली, लिहायला बसलं की मला सुचतं. फोन कानाला लागला की उगाच हवापाण्याचं बोलते.

तर तुझी ट्रंक भरून झाली. परवा तळोद्याचा टेम्पोवाला ती सुरतेला नेणार, तिथून पुढे बोट. तू दादाच्या फोनवर पाठवलेले नियम तुझ्या वहिनीनं, ममतानं, मला मराठीत करून वाचून दाखवले. तू तिकडे जाण्याआधी ज्या वस्तू तुझ्या होत्या आणि तू वापरत होतीस, त्यांच्यावर जकात नाही. नवं कोरं काही घातलं तर जकात. धान्य, बी, पिसं, साल असलेलं लाकूड, माती, यातलं काही चालणार नाही. आणि जे जे आत आहे ते ते यादीत लिहायचं, चमचासुद्धा. अगं, मी सरकारी खिचडीचा हिशेब ठेवलेली बाई. एवढी चौकशी तर आमच्या सुपरवायझर मॅडमनीही कधी केली नाही.

गोधडी घातली आहे, मोराच्या ठिगळाची. धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवली. यादीत ममतानं विचारलं, किती वर्षं वापरली? मी म्हटलं, लिही सत्तावीस, बाळंतपणातून घरी आणली तीच गुंडाळून. लोखंडी खलबत्ता घातला आहे. तो तीनदा घासला, राखेनं, साबणानं, मग नुसत्या गरम पाण्यानं, तरी नाकाशी नेला की मिरचीचा ठसका लागतो. तपासणारा साहेब शिंकला तर मला दोष देऊ नकोस. तुझी सर्टिफिकिटं, लग्नाचा अल्बम, शालू, खो-खोची ढाल. ढालीची लाकडी पाटी पॉलिश केलेली आहे, तेही लिहिलं.

खो-खोच्या बुटांनी मात्र घाम काढला. तू ते मागितलेस, आता तिकडे कुठे खो-खो खेळणार आहेस देव जाणे. त्यांच्या तळव्याच्या खाचांत आपली काळी माती बसलेली, सहा-सात वर्षांची, दगडासारखी. मी अंगणात बसून जुन्या ब्रशनं आणि पिनेनं एकेक खाच कोरत होते. अण्णा पलीकडे खाटेवर बसून बघत होते. एकदम म्हणाले, "हाई माटीबी नही चालत का तठे?" मी म्हटलं, "नही चालत." मी बूट घेऊन आत गेले आणि परत येऊन बघते तर कोरलेली सगळी माती गोळा करून त्यांनी तुळशीच्या कुंडीत टाकली होती.

आता तुझा तो फॉर्म. तू तुझा भाग भरून पाठवलास, यादीचा भाग आम्ही भरायचा होता. ममता मला ओळीओळीनं वाचून दाखवत होती. नाव, पासपोर्ट, पत्ता. मग मध्येच थांबली. म्हणाली, "आई, ऱ्हावू द्या, पुढलं मी भरी लेसू." मी काय आज ओळखते तिला? पोटात काही लपवलं की तिच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. मी म्हटलं, वाच. तिनं वाचलं. न्यूझीलंडमध्ये कशासाठी राहणार, असं विचारलं होतं, आणि तू कायमच्या वास्तव्यासाठी या चौकटीत खूण केली होतीस.

काजल, तू आम्हाला फोनवर म्हणाली होतीस, "थोडं सामान पाठव, इथे उपयोगी पडेल." एवढंच म्हणाली होतीस.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, त्या दिवशी माझी भाकरी मी तशीच टोपलीत झाकून ठेवली. अण्णांना मी सांगितलं नव्हतं, पण त्यांनी ऐकलंच. जेवताना ताटाकडे बघत म्हणाले, "मंग पोर कायमनीच गयी का?" मी त्यांच्यावरच खेकसले, की लग्न झालेली पोर कायमचीच जाते, नवीन काय सांगता. पण शहाद्याहून विसरवाडीला दिलेली पोर आणि ही जाणारी पोर यात फरक आहे, हे मलाही कळतं. विसरवाडीहून माझी बहीण वर्षातून चार वेळा एसटीनं येऊन भांडून जाते. मला तसं भांडायला तू हवी आहेस.

आधी मला राग आला, की हिनं आम्हाला तोंडानं का सांगितलं नाही. दोन दिवस मी तो राग घेऊन फिरले. तिसऱ्या दिवशी बुटांची माती कोरताना मनात आलं, निर्मले, तू काय काय सांगितलं आहेस तिला? हेच लिहायला मी हे पत्र घेतलं, आणि बघ, केळी, गोधडी, खलबत्ता करत चार पानं घालवली.

तू गेलीस तो दिवस आठव. फेब्रुवारी होता. देवासमोर पाटावर बसवून मी तुझी ओटी भरली. पाच ओंजळी गहू, खण, नारळ, हळकुंड, सुपारी. तू ओढणीत घेतलीस, पाया पडलीस, आणि उठून सगळं परत देवासमोरच्या ताटात ओतलंस. "माय, तठे धान्य चालत नही. पदरमा लिधं ना, झायं." तू बरोबरच बोलत होतीस. पण माझ्या डोळ्यांसमोर ते ओतलेले गहू आणि माझी लेक रिकाम्या ओटीनं समुद्रापार चालली आहे, एवढंच राहिलं. एकतीस वर्षं मी गावातल्या बायांना शिकवत आले की अमक्यानं तमकं होतं यावर विश्वास ठेवू नका. आणि स्वतःच्या पोरीच्या वेळी मीच अपशकुन मोजत बसले.

तू आंघोळीला गेलीस. ममतानं कुकर पुसून बॅगेत ठेवला होता. मी तो काढला, गहू, हळकुंड, सुपारी खणात बांधलं, कुकरात घातलं, झाकण लावलं आणि परत होता तसा ठेवला. नारळ मावला नाही म्हणून राहिला, नाहीतर तोही घातला असता. मी ठेवला, काजल. ममतानं नाही. तिला माहीतसुद्धा नव्हतं.

तिथे उतरल्यावर त्यांनी तुला विचारलं, बॅग तू स्वतः भरली आहेस का? तू हो म्हणालीस. धान्य, बी काही आहे का? तू नाही म्हणालीस, तसं सहीनिशी लिहूनही दिलंस. मग त्यांनी कुकर उघडला. तू मला तिथूनच फोन केलास. "माय, कुकरमा गहू कोनी ठेवात?"

मी म्हणाले, "माले काय ठाऊक? कुकर ममतानी भरा व्हता."

विचार करून नाही बोलले. तोंडातून गेलं. ममता माझ्यापासून दोन हातांवर पोळी लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. तू तिला फोन द्यायला सांगितलंस, मी दिला. तू काय बोललीस ते मला लांबूनही ऐकू आलं. "वहिनी, तुम्ही बी.ए. झाल्यात ना? वाचता येतं ना तुम्हाला?" ममतानं माझ्याकडे बघितलं. मी चुलीकडे बघितलं. ती म्हणाली, "चुकलं ताई, माफ करा."

तुला दंड झाला, तुझं नाव त्यांच्या वहीत गेलं, नवनीतराव घरी पोचेपर्यंत तुझ्याशी बोलले नाहीत, हे सगळं मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. माझा खण त्या लोकांनी हातमोजे घालून पिशवीत टाकला, हे तू योगेंद्रला सांगितलंस, मला नाही. तेव्हापासून तू ममताशी बोलत नाहीस. दोघी एका कॉलेजच्या, गच्चीवर बसून मीठ लावून बोरं खाणाऱ्या, आणि आता तिच्या पोराच्या वाढदिवसालाही तू दादाच्याच फोनवर शुभेच्छा पाठवतेस. गेल्या दिवाळीत येणार होतीस, तिकीटही बघितलं होतंस, मग रद्द केलंस. कारण सुट्टी मिळत नाही असं सांगितलंस. मला वाटतं, या घरात पाय ठेवायला तुला नको वाटत असेल, आणि त्याचं कारण मी आहे, ममता नाही.

काल मी ममताला विचारलं, दोन वर्षांत एकदाही तू काजलला खरं का सांगितलं नाहीस? ती मिरच्यांची देठं खुडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तुमनं नाव सांगती ते ताई तुमनासंगे बोलत्याच नहीत. मनासंगे नही बोलन्यात, ते चाली जास." तू माझ्याशी बोलणं तोडू नयेस म्हणून तिनं तुझा अबोला स्वतःवर घेतला होता. बाई गं, मला तिच्यासमोर रडूही येईना. मी उठून उगाच गाईला पाणी दाखवून आले.

तू आता काय करायचं ते तुझं तू ठरव. माझ्यावर रागाव, फोन करू नकोस, मी समजेन. पण वहिनीला फोन कर. तिचा नंबर तोच आहे.

आणि तिकडे कायमची राहणार असशील तर राहा. सुखानं राहा. चौकटीत खूण केलीस म्हणून तुझं या घरातलं नाव काही खोडलं जात नाही. फक्त मला असल्या गोष्टी फॉर्मवरून कळू देऊ नकोस. मी तुझ्यापासून लपवलं, तू माझ्यापासून, फिट्टंफाट झाली. इथून पुढे दोघी सांगत जाऊ.

या ट्रंकेत एकही दाणा नाही. शालूच्या घड्या उलगडून बघितल्या, खलबत्ता उपडा करून बघितला, गोधडीचे कोपरे चाचपले. माझ्यावर माझाच भरवसा नव्हता म्हणून ममतालाही बघायला लावलं. ओटी मी पाठवलेली नाही. खरं तर ती पाठवायची वस्तूच नाही, समोर बसलेल्या बाईच्या पदरात घालायची असते. हे मला तुझ्या त्या साहेबानं शिकवायची गरज नव्हती, मला आधीपासून ठाऊक होतं. आपला गहू आता ओंब्यांवर आला आहे, होळीच्या आसपास निघेल. त्यातला पायलीभर मी वेगळा काढून ठेवणार आहे. दर वर्षी नवा निघाला की जुना दळायचा आणि नवा ठेवायचा. तू ये, पाटावर बस, ओटी घे. मग देवासमोर परत ओतून रिकाम्या हातानं गेलीस तरी मी एक शब्द बोलणार नाही.

फॉर्मच्या शेवटी विचारलं आहे, सामान कोणी भरलं? मालकानं की दुसऱ्या कोणी? दुसऱ्या कोणी भरलं असेल तर त्याचं नाव आणि सही. ममतानं सवयीनं पेन उचललं होतं. मी तिच्या हातातून घेतलं.

हे पत्र ट्रंकेत सगळ्यात वर ठेवते आहे. बोट पोचायला दोन-अडीच महिने लागतील म्हणतात. तेवढा वेळ मला हवाच आहे, फोनवर हे बोलायचा धीर माझ्यात नाही. पत्रसुद्धा यादीत चढवलं, चौदावी वस्तू, पत्र, एक, आईचं. ममता हसून म्हणाली, "आई, हाई ते नवं शे, वापरेल नही." म्हणून तिला समोर बसवलं आणि पहिल्यापासून इथपर्यंत सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. कुकरापाशी दोनदा थांबले, पण वाचलं.

आता ते वापरलेलं आहे. तसं यादीत लिहिलं आहे.

सामान भरणारी,
तुझी माय
निर्मलाबाई सुपडू पाटील