उजव्या पानावरचा डावा गुडघा

रत्नागिरी,
मंगळवार

तीर्थस्वरूप मैनाताईस धाकट्या गंगाचा वाकून नमस्कार.

तुझी कंबर, भावजींचा खोकला आणि अलोऱ्याच्या कॉलनीतलं पाणी, तिन्ही ठीक असतील असं धरून चालते. इकडे आम्ही सुखरूप आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. फोन का केला नाही म्हणशील, तर आमच्या घराच्या भिंती तुला ठाऊक आहेत. पलीकडच्या खोलीत सानिका पाय उशीवर ठेवून पडलेली असते. नऊ दिवस ती माझ्याशी बोलत नाही, पण माझं बोलणं तिला सगळं ऐकू जातं.

सुरुवात झाली विनीत सरांपासून. तुझी भाची शाळेच्या खो-खो संघात, आणि यंदा जिल्ह्याच्या संघाची निवड होती. म्हणून शाळेने पुण्याहून हे मनाचे प्रशिक्षक आणले (पायांचे शाळेत आहेतच). मुलगा गुणी, जेवायला बोलावलं तर पानात काही टाकत नाही, मी मुद्दाम पाहिलं. त्यांचं म्हणणं, खेळाडूचं काय चुकतं ते उगाळत बसू नये, काय चांगलं आहे ते वाढवावं. मग मुली रोज डोळे मिटून आपण जिंकलो असं बघायला लागल्या. पुढे नाटे गावच्या मुलींशी सरावाचा सामना झाला, त्यात आमच्या हरल्या. नाट्याच्या मुलींनी डोळे उघडे ठेवले होते, दुसरं काय.

त्या सामन्याला मी कडेला उभी राहून "पडशील गो, सांभाळ!" एवढंच ओरडत होते. सरांनी मला बाजूला घेतलं, हात जोडले आणि म्हणाले, "काकी, मेंदूला 'नको' कळत नाही. 'पडू नको' म्हटलं की तो पडण्याचंच चित्र काढतो." घरात सोळा वर्षं मी नको नको म्हणतेय ते कोणाच्या डोक्यात का शिरलं नाही, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला. तरी पुढच्या सोमवारी सगळ्या मुलींना घेऊन भैरीबुवाला गेले आणि गाऱ्हाणं घातलं. कोणाचा पाय मोडू नये, कोणाचा दात पडू नये, खांबावर कोणाचं डोकं आपटू नये, असं एकेक नीट सांगितलं (संकटाचं नाव घेतल्याशिवाय देवाला कळायचं कसं?). मुली दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणत होत्या आणि मागे उभे असलेले विनीत सर पांढरे पडत होते. दुसऱ्या दिवसापासून मला मैदानावर बंदी झाली. बदल्यात काम मिळालं, रोज मुलीच्या तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहायच्या.

नवी वही कशाला, सानिकाच्या गेल्या वर्षीच्या भूगोलाची अर्धी कोरी होती, तीच घेतली. पहिला दिवस बरा गेला. एकाच हाकेला उठली. देवाला नमस्कार केला (चपला घालता घालता, पण केला). तिसरं काही केल्या सुचेना, तेव्हा "दात चांगले आहेत" असं लिहिलं. पण ताई, मी पडले दहावी पास, वीस वर्षं घरखर्चाची वही ठेवणारी. डावं पान भरलेलं आणि उजवं कोरं बघून मला राहवेना. नुसतीच जमा लिहिलेली वही कुठे असते का? म्हणून मी उजवीकडे नावेची, म्हणजे खर्चाची, बाजू सुरू केली. डावीकडे "पानात काही टाकलं नाही", तर समोर "कारण आधीच मांजराला घातलं होतं". वही कशी जुळून आली.

त्या वह्या निवडीच्या आदल्या दिवशी सगळ्या संघासमोर वाचणार आहेत, हे मला काय स्वप्नात दिसलं होतं? आयांनी लिहिलेलं ऐकून मुलींना बळ येतं म्हणे. मृणालीच्या आईने "माझी वाघीण" असं दोन पानं लिहिलेलं, अर्ध्या मुली रडल्या. मग आमचा भूगोल आला. सरांनी डावं पान वाचलं, टाळ्या झाल्या, आणि त्याच ओघात ते उजव्या पानावर घसरले. मांजराला मुली हसल्या, रात्री घोरते असं पुढे लिहिलं होतं, त्याला त्याहून जास्त हसल्या. शेवटची ओळ होती, "डावा गुडघा दीड महिना सुजलेला, लपवते. पायरी आडवी होऊन उतरते." कोणी हसलं नाही. सरांनी वही मिटली, सानिकाला खाली बसवून गुडघा पाहिला आणि तिला स्वतः डॉक्टरांकडे नेलं. आतली शीर फाटली आहे. सहा आठवडे विश्रांती. आणखी एकदा खांबावर सूर मारला असता तर कायमचं खेळणं गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी निवड झाली, मृणालीचं नाव लागलं. सानिका खिडकीशी बसून होती.

आता तिचे पप्पा जयगडहून कामाची पाळी संपवून आले की मधे दुभाषी. "पप्पा, हिला सांगा आमटीत मीठ नाही." मीठ असतं गो, मी चाखते. विनीत सर भेटायला येऊन गेले, वही चालू ठेवा म्हणाले. ठेवली आहे. डावीकडे कालचं एकच, "सूज उतरली". उजवीकडे हल्ली मी माझंच लिहिते. ते पान रोज भरतं.

भावजींना नमस्कार. सगळं देवाच्या हाती.

तुझी,
गंगा

ता. क. सानिकाला पंधरा दिवस अलोऱ्याला बोलावून घे. तुझ्या कॉलनीतल्या घराला पायऱ्या नाहीत आणि ती तुझं ऐकते. बोलावणं तुझं म्हणून कर, माझं नाव काढलंस तर यायची नाही. पाय दुखतो का तेवढं विचार आणि मला खरं कळव.

आणखी ता. क. वर खोटं लिहिलं. वह्या वाचणार हे सरांनी वाचनाच्या आदल्या दिवशीच सगळ्या आयांना सांगितलं होतं. सानिकाने मला भैरीबुवाची शपथ घातली होती की गुडघ्याचं सरांना सांगायचं नाही. मी सांगितलं नाही. वाचनाच्या दिवशी सकाळी पूजा झाल्यावर ती ओळ वहीत लिहिली, दोनदा गिरवून. आता शपथ मोडली की नाही ते देवालाही विचारायचं धाडस होत नाही. वाचून झालं की पत्र पाणचुलीत घाल. शेवटचं पान पाठकोरं आहे, मला दिसतंय. तरी वाणसामानाच्या यादीला म्हणून ठेवू नकोस.