पाच दिवसांचा अर्ज

१ नोव्हेंबर, शनिवार

टण् — टण् टण्. रुळाच्या तुकड्यावर शिपाई हातोडी मारायचा आणि शनिवारची अर्धी शाळा सुटायची. साठ-पासष्ट वर्षं झाली त्याला. नुकतीच पाठ केलेली कविता ओरडत आम्ही ओढ्यापर्यंत धावायचो. अर्ध्या दिवसाची ती श्रीमंती पुन्हा कधी मिळाली नाही.

आठवायचं कारण — गुलाबाच्या पॉलिहाऊसमधल्या बाया आल्या होत्या, बाराजणी. मालकाला अर्ज लिहून हवा. सध्या सहा दिवस आठ-आठ तास भरतात; त्याऐवजी पाच दिवस, साडेनऊ तास. पगार आहे तोच. भात कापणीला आलंय, घरच्या कामाला एक दिवस मोकळा हवा.

गोजराबाई म्हणाली, "घरी यायला अंधार हुईल, पर एक दिस तरी माजा ऱ्हाईल."

"तुजा कसला, म्हशीचा," चांगुणा म्हणाली. सगळ्या हसल्या.

मालक किशोरशेट म्हणणार, फुलं काही सुट्टी घेत नाहीत. त्यावर तोडगाही चांगुणाचाच — दोन तुकड्या करायच्या, सुट्टी आळीपाळीने. चौथीला माझी विद्यार्थिनी होती. तेव्हाही हुशार.

३ नोव्हेंबर

अर्ज झाला, दोन पानं. किती वर्षांनी हात असा चालला. सायंकाळ, पिवळी शेतं, घराची ओढ, सगळं आलं.

वाचून दाखवू का, विचारलं. गोजराबाई म्हणाली, "तुमी लिवलंय म्हंजे झालं, गुर्जी." सह्या, दोन अंगठे. चांगुणा नेऊन देणार.

८ नोव्हेंबर

मंजूर!

१० नोव्हेंबर, सोमवार

पगार पाचच दिवसांचा मिळणार. तास मात्र जवळजवळ तेवढेच. गोजराबाई सांगून गेली. किशोरशेट म्हणाला म्हणे, "तुमच्याकडूनच आलंय, पैशाचं काही नाही म्हणून."

कच्चा कागद काढून पाहिला. शेवटी, माझ्याच अक्षरात — 'मोबदल्याचा आम्हांस मोह नाही. मोकळा दिवस हीच आमची मिळकत.' हे वाक्य सुचलं तेव्हा दोनदा मोठ्याने वाचलं होतं. स्वतःवरच खूश झालो होतो. आणि पगार तोच राहावा, हे कुठेच नाही. राहूनच गेलं.

माझी पेन्शन महिन्याच्या महिन्याला जमा होते. मोह नसायला माझं काय जातं?

१२ नोव्हेंबर

गोजराबाई पुन्हा आली होती. "त्या चांगुणीनंच केबिनमधी काय तरी बोलून ठिवलं. कागद तीच घिऊन गेल्ती ना?" आता तिच्याजवळ कुणी डबा खायला बसत नाही म्हणे.

मी म्हणालो, "असं कसं?" एवढंच. मग भाताचं विचारलं.

खोटं बोलणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं करत असे.

१३ नोव्हेंबर

उद्या सांगतो.

१४ नोव्हेंबर

जेवणाच्या सुट्टीत पॉलिहाऊसच्या फाटकापर्यंत गेलो. बाया एकीकडे, चांगुणा दुसरीकडे, एकटी. मला बघून हात न धुताच उठून आली. "बरं हाय न्हवं, गुर्जी?"

म्हटलं, औषध आणायला पौडला निघालोय. औषध घरात भरपूर आहे. तरी एसटीत बसलो, पौडला गेलो, तसाच परत आलो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी दार वाजलं. दूधवाला समजून पातेलं घेऊनच उघडलं. दारात चांगुणा.

"शेटनी सोमवारीच कागद दावला मला," ती म्हणाली. "अक्षर वळखलं मी."

सोमवारी. म्हणजे काल फाटकाशी आली तेव्हाही तिला ठाऊक होतं.

"मग बोलली का नाहीस कुणाला?"

"तुमी बोलाल म्हनून थांबले." मग म्हणाली, "समद्या गोजराबाईच्या खळ्यावर हायेत. चला."

ओट्यावर बसली आहे. सदरा घालतो आणि निघतो.