जावईबापूंच्या खिशातला नारिंगी प्लग

विहीणबाईंना नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? माझे बरे आहेत (तुम्ही विचारणार नाही, म्हणून आपणच सांगते). व्याह्यांना नमस्कार कळवा, आणि माझ्या लेकीला म्हणावं, आई अजून खुटखुटीत आहे.

तुमचा निरोप पोचला. मुलगा आठ दिवस घरात बसलाय, तुमच्याशी बोलतानाही खिशातला हात काढत नाही, काय वळण लावलंत म्हणून विचारता. वळण तुमचंच, विहीणबाई, खिशाचं तेवढं आमच्या गॅरेजचं. झालं असं, बॅटरीवरची एक गाडी आली. दिवे मंद, हॉर्न खोकल्यासारखा. अशा गाडीत कन्व्हर्टर नावाचा डबा असतो, तो मोठ्या बॅटरीची चारशे व्होल्टची वीज बारावर आणून दिव्यांना देतो. व्होल्टेज हद्दीबाहेर गेलं की आपणहून गप्प बसतो. (हा गुण आपल्या दोघींत असता तर पोरांचं लग्न किती शांततेत झालं असतं!) पण गाडी बंद केली तरी डब्याच्या पोटात वीज राहते. ती जिरवायला आत एक पार्ट असतो, त्याला वेळ लागतो. म्हणून आमच्या ह्यांनी दोन नियम घातलेले (हे गेले, नियम मी जाऊ दिले नाहीत). बॅटरीचा नारिंगी प्लग उपटून डबा उघडणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवायचा, म्हणजे दुसरा कुणी शहाणा तो परत खोचणार नाही. मग घड्याळात दहा मिनिटं थांबायचं. मी चौथी शिकलेली, पण दहापर्यंत येतं मला. जावईबापूंनी प्लग खिशात टाकला आणि चौथ्याच मिनिटाला, हातमोजे न घालता, पान्हा उचलला. मी लाकडी पट्टीने मनगटावर एक दिली. गिऱ्हाइकासमोर. "आई, घड्याळ बघून काय कळतंय? मीटर लावला की कळतं!" म्हणाले, पान्हा आपटला आणि गेले, प्लगसकट.

दहा मिनिटांनी आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने जाड हातमोजे घालून मीटर लावला. आकडा मी वाचला, त्याला आता दिसत नाही. अजून तीनशेच्या वर! जिरवणारा पार्टच जळालेला. म्हणजे चौथ्या मिनिटाला जावईबापूंचा हात गेला असता, हे माझं खरं. नुसत्या घड्याळावर विसंबून दहाव्याला मिस्त्रीचा गेला असता, हे त्यांचं खरं. अर्धं अर्धं. (मोठं अर्धं माझं.) आता घड्याळाखालीच मीटर टांगलाय. पण तो वाचणारा हवा. जावईबापू आले नाहीत तर गॅरेजला कुलूप लागेल, हे हसत लिहितेय तरी खरं आहे.

त्यांचा राग उतरलाय का, ते कळायला मीटर नाही. आठ दिवस पुरे व्हावेत, तरी जपूनच हात लावा.

तुमची, जशी मिळाली तशी,
विहीण

ता. क. गाडी प्लगवाचून अडलीय, मालक रोज खेपा घालतो. प्लग कुणाबरोबर पाठवू नका. ज्याच्या खिशात, त्यानेच परत लावायचा, असा नियम आहे. तेवढं त्यांना सांगा.

आणखी एक ता. क. गाडी परवाच गेली. कपाटात दुसरा प्लग होता. हे त्यांना सांगू नका. पट्टी मी मोडून टाकली, ते सांगितलंत तर चालेल.